गाठीवर सुई टोचत नाही ना?

इन्सुलिन सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी साखर कधी २५० तर कधी ६५, असं तुम्ही म्हणताय. डोस वाढवायच्या आधी एक बघा, सुई रोज एकाच ठिकाणी टोचताय का? माझ्या आईचं तेच होत होतं. बेंबीच्या डावीकडे हात फिरवला की कातडीखाली रबरासारखी गाठ लागायची. अशा जागी इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. दर वेळी बोटभर जागा सरकवायला लागल्यावर आकडे सावरले. मात्र चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो, त्यामुळे डॉक्टरांना आधी विचारा, त्यांनी आईचा कमी केला होता. आणि ६५ अंगावर काढू नका हो! ७० च्या खाली गेली की लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.