ऑलिम्पिक आपल्याकडं खरंच यावं का?

रंकाळा_कट्टा: मंडळी, २०३६ साठी अहमदाबादचं नाव चाललंय, २०३० ची कॉमनवेल्थ तर मिळालीच की. कुस्तीवाल्या घरातला माणूस मी, आनंद आहेच, पण आमच्या गल्लीतला नवा रस्ता एका वळवात उखडला, खडी गोळा करून पोरं स्टंप रोवत्यात, मग स्टेडियमचं काय ओ?

तांबडा_पांढरा: भावा २०१० ची दिल्ली आठव. नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल स्पर्धेच्या दोन आठवडे आधी कोसळला, मजूर जखमी. रिओत पण २०१६ ला समुद्राकाठचा नवा सायकल ट्रॅक लाटेनं पडला, दोघं गेले.

पेठेतला_पैलवान: पैसे खाणं आपल्याच देशात चालतं असं नाही हां. सॉल्ट लेक सिटीनं २००२ चं यजमानपद मिळवायला ऑलिम्पिक समितीच्या सदस्यांच्या पोरांची कॉलेजची फी भरली, दवाखान्याचा खर्च केला. बोभाटा झाल्यावर दहा सदस्य गेले, काही हाकलले काहींनी राजीनामा दिला, आणि मग उमेदवार शहरात सदस्यांनी फिरायलाच बंदी.

रंकाळा_कट्टा: लई भारी माहिती. आणि सुरक्षा?

तांबडा_पांढरा: म्युनिक ऑलिम्पिक १९७२, अतिरेक्यांनी इस्रायलच्या संघातले ११ जण मारले, तिथनं पुढं बंदोबस्ताचा खर्च वाढतच गेला. हॅम्बुर्गनं २०१५ ला लोकांचं मतदान घेतलं, लोक म्हणाले नको. आपल्याला कोण विचारतंय!

पेठेतला_पैलवान: आपल्या पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला लोकांनी वर्गणी काढली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. त्यातल्या पै-पैचा हिशोब लागला असंल बघ.