गच्चीला कुलूप लावायचं का?

(लातूरच्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार रात्र)

सेक्रेटरी, ए-२०१: नमस्कार. काल अकरावी-बारावीची मुलं-मुली साडेनऊपर्यंत गच्चीवर बसली होती. दोन पालकांचे फोन आले. उद्यापासून ७ नंतर गच्चीला कुलूप. हरकत असेल तर सांगा.

बी-१०३: बरोबर आहे. कॅमेरा पण बसवा.

सी-३०१ ताई: भाऊ, माझी हरकत आहे. जरा लांब लिहायलेय, वाचा. लेकीला विचारूनच लिहितेय.

मागच्या दिवाळीनंतर तिनं मैत्रिणींकडं जाणं सोडलं. जेवताना फोन वाजला की दचकायची. एक दिवस फोन बघितला तर एका मुलाचे मेसेज. कुठं आहेस, कुणासोबत आहेस, लोकेशन पाठव. इन्स्टाचा पासवर्डसुद्धा त्याच्याकडं. मी फोन काढून घेतला, दोन थोबाडीत दिल्या. आठ दिवस लेकरू बोललं नाही आणि मला वाटलं, मिटलं.

वेळ अमावस्येला शेतात निघालो. ती स्कुटीवर मागं, मांडीवर भज्जीचा डबा. मी समोर बघतच विचारलं, "तुला त्याची भीती वाटायली का?" बराच वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "मम्मी, आधी सांग, माझा क्लास बंद करणार का?" मी गाडी बाजूला घेतली.

तिला ते प्रेमच वाटत होतं. काळजी आहे म्हणून विचारतो, असं. त्यात चुकीचं काय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याच घरात मी बाहेर निघाले की चार प्रश्न येतात, ते ती लहानपणापासून बघायली.

गुरुजी, ए-१०१: ताई, "माझा क्लास बंद करणार का" हा प्रश्न शाळेत मी कितीतरी मुलींकडून ऐकला. कुणकुण लागली की आपल्या भागात स्थळं बघणं सुरू होतं. १८ च्या आत मुलीचं लग्न लावायला २००६ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी दिवाळीच्या सुट्टीनंतर हजेरीपटावरची नावं कमी व्हायची. पोरी घरी बोलत नाहीत त्या यामुळं.

बी-१०३: मग काय मोकळं सोडायचं?

सी-३०१ ताई: नाही भाऊ. बोलायचं, पण थोडं थोडं. मी व्याख्यान सुरू केलं की ती हेडफोन लावते. मालिकेत हिरोनं हात ओढला की मी विचारते, "तिला आवडलं असेल का गं हे?" कधी भाकरी करताना, "तू नाही म्हणालीस की तो ऐकतो का अबोला धरतो?" एक शब्द मात्र दिलाय. रात्री दोनला जरी कुठं अडकलीस तरी फोन कर, मी आधी घ्यायला येईन. काय विचारायचं ते दुसऱ्या दिवशी.

वकील ताई, बी-४०१: एक भर घालते. दोघांची मर्जी असली तरी शारीरिक संबंधांना १८ च्या आतल्यांची संमती पोक्सो कायदा (२०१२, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) धरत नाही. हे मुलांनाही शांतपणे सांगा. कुणी फोटो पसरवायची धमकी दिली तर मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा, पैसे देऊ नका. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते.

सिस्टर, सी-१०२: सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयाच्या मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं. मन फारच अस्वस्थ असेल तर टेली-मानस, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सी-२०४: सगळे मुलींचंच बोलायलेत. पोराचं विचारू का? एका मुलीनं त्याला ब्लॉक केलंय. तो मित्राच्या नंबरवरून मेसेज करायलाय, तिच्या क्लासबाहेर उभा राहायलाय. मला काल कळलं. झोप नाही.

वकील ताई, बी-४०१: दादा, तिनं नको म्हटल्यावर असं मागं लागणं गुन्हा आहे. भारतीय न्याय संहिता, कलम ७८. आजच थांबवा.

सी-३०१ ताई: थांबवायचंच. पण आल्या आल्या कलम नका सांगू. आधी विचारा किती लागलंय मनाला. रडला तर रडू द्या. मग सांगा, तिचं उत्तर तुला मिळालंय, आता तिच्या वाटेला जायचं नाही, उद्यापासून एकही मेसेज नाही. हे ठाम सांगा. ती लेकरूही माझ्या पोरीसारखी जेवताना दचकत असेल हो.

गुरुजी, ए-१०१: आणि तुम्हाला कधी नकार मिळाला असेल, तर तेही सांगा त्याला.

सी-२०४: मिळालाय गुरुजी. २००१ ला. आजवर कुणाला बोललो नाही.

सेक्रेटरी, ए-२०१: नोटीस थांबवतो. गच्चीवरचा बल्ब गेलाय, तो उद्या बदलून घेतो.

बी-१०३: माझी लेक आठवीत आहे. ताई, उद्या तुमच्याकडं चहाला येऊ का आम्ही दोघं?

सी-३०१ ताई: या की. पाचला.

सी-२०४: त्याचा क्लास सुटलाय. आणायला निघालो. गंजगोलाईकडून लांबून येतो, तेवढंच गाडीवर बोलणं होईल.