मारिओ कार्टपेक्षा बनान्झा भारी

निन्टेंडोचा स्विच २ हा गेमिंग कन्सोल फक्त मारिओ कार्ट वर्ल्ड या रेसिंग गेमसाठी घ्यावा, हे तुमचं मत मला नाही पटलं. रेसिंग मस्तच आहे, पण ८० डॉलर? आणि ते मोकळं जग मला तरी जरा ओकंबोकंच वाटलं.

खरी मजा डाँकी काँग बनान्झामध्ये आहे (जुलै २०२५). समोर दिसेल ते फोडा: भिंत, जमीन, डोंगर. सोनं शोधायला म्हणून बोगदा खणायला घेतला की तासभर मुख्य मोहीम बाजूलाच राहते. सुपर मारिओ ऑडिसी बनवणाऱ्याच टीमचा गेम आहे, ते जाणवतं. शेवटी-शेवटी फ्रेमरेट (चित्र हलण्याचा वेग) अडखळतो, पण तेवढं चालतं.

माझा राग आहे तो गेम-की कार्डांवर. कार्ड विकत घ्यायचं, वर अख्खा गेम डाउनलोडही करायचा, आणि खेळताना कार्ड घालून ठेवायचं ते वेगळंच! सायबरपंक २०७७ हा एवढा मोठा गेम पूर्ण ६४ जीबीच्या कार्डावर आला ना, मग बाकीच्यांना काय धाड भरली? त्यात डाउनलोड साठवायला जुनं मेमरी कार्ड स्विच २ च्या गेमना चालत नाही, महागडं मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं.

स्विच २ च्याच डस्कब्लड्स या गेमबद्दल मी जरा साशंक आहे. फ्रॉमसॉफ्टवेअरसारख्या नावाजलेल्या कंपनीचा असला तरी भर ऑनलाइनवर, आणि मी पडलो लोकल ट्रेनमध्ये खेळणारा. बोगद्यात नेट गेलं की संपलंच.