दोन इंच उचललेल्या थारला ३३ चे टायर: गरज की मिरवणं?

घाटवळण
गाडी २०२१ ची थार, डिझेल, मॅन्युअल. दिवाळीत दोन इंचांची लिफ्ट (सस्पेन्शन उंच करून गाडी वर घेणारा किट) बसवली. तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "टायर कधी मोठे करताय?" जणू साखरपुडा झालाय आणि लग्न तेवढं राहिलंय. मूळ टायर २४५/७५ आर १६ (२४५ मिमी रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १६ इंचांची). मंडळींचा आग्रह २८५/७५ आर १६ चा, म्हणजे बोलीत '३३', साधारण ३३ इंच व्यासाचे. माझं मत: नको. उंची लिफ्टने मिळाली. आता ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) घेईन, फार तर २६५/७५. पावसाळ्यात ताम्हिणी, वरंधा आणि मधूनच एखादी कच्ची वाट, यापलीकडे मी जात नाही. पटत नसेल तर भांडा.

चिखलराव
भांडतोच. "उंची लिफ्टने मिळाली" हे अर्धंच खरं. लिफ्टने बॉडी आणि चासी वर जाते. थारचा मागचा एक्सल अखंड, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, त्यामुळे त्याचं डिफ्रन्शियल (मधला गिअरचा गोळा) होतं तिथंच राहतं. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोरीत मधल्या वरंब्यावर टेकतं ते नेमकं तेच. ते वर न्यायला टायरशिवाय उपाय नाही. २४५/७५ चा व्यास ७७४ मिमी, २८५/७५ चा ८३४. फरक ६०, त्याच्या निम्मी उंची मिळते, म्हणजे ३० मिमी. एक्सलखाली बोटभर जागा मिळते की अडकता, एवढ्यावर सगळं असतं.

घाटवळण
मागच्या एक्सलचं मान्य, माझी चूक. पण पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथलं डिफ्रन्शियल चासीबरोबर वर गेलं आणि शाफ्ट तिरके झाले. त्यावर जड टायर चढवले की सीव्ही जॉइंटचे (शाफ्टच्या सांध्यांचे) बूट, म्हणजे रबरी टोप्या, किती दिवस टिकणार? शिवाय ३० मिमीसाठी पावणेआठ टक्के गिअरिंग, म्हणजे चाकावरची ओढ, घालवायचं. घाटात तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसऱ्यावर आणायची, हे कशाला?

जिप्सीवाले काका
पोरांनो, थारच्या इंजिनात ३०० न्यूटन मीटर टॉर्क आहे, आणि तुम्ही गिअरिंगसाठी रडता? माझ्या १.३ लिटर जिप्सीला मूळ २०५/७० आर १५ होते, मी २३५/७५ चढवले. व्यास ६६८ वरून साधारण ७३४, जवळपास १० टक्के. चढावर रडते, नाही असं नाही. पण फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर) कशासाठी दिलंय? काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी ११० ला असते, तेवढं ध्यानात ठेवायचं. आणि "मोठ्या टायरने अॅव्हरेज पडलं" म्हणणाऱ्यांनी आधी ओडोमीटर दुरुस्त करावा. तोही कमीच मोजतो, त्यामुळे पडलेलं अॅव्हरेज आहे त्याहून जास्त पडल्यासारखं दिसतं.

काळीमाती_यवतमाळ
काका, तुमची कोकणातली लाल माती वेगळी. तिथं वीतभर चिखलाखाली कातळ लागतो. अरुंद टायर चिखल कापून खाली जातो आणि पकड घेतो. आमच्या काळ्या मातीला तळच नाही. रुंद टायर वर तरंगतो म्हणून मीही ३३ लावले होते. झालं काय, माती टायर आणि फेंडरच्या मधल्या जागेत थापली गेली. लिफ्ट असूनही तिथं जागा उरली नव्हती. मड टेरेनच्या (चिखलासाठीच्या खोल खाचांच्या टायरच्या) खाचा भरून टायर भोपळ्यासारखा गुळगुळीत. शेवटी सळई घेऊन माती खरवडत बसलो, शेजारून बैलगाडी निघून गेली.

चिखलराव
टायर काय करणार? खाचेतली माती भिरकावायला चाक फिरतं ठेवावं लागतं. तुम्ही घाबरून थ्रॉटल सोडलं असणार.

काळीमाती_यवतमाळ
सोडलं नव्हतं हो. म्हणून तर आणखी खाली गेलो.

रानवाट_ताई
चढण्यावरच सगळे बोलताय, उतरायचं कोण बघणार? टायरचा घेर वाढला की तेच ब्रेक कमी पकडतात, आणि फोर लोमध्ये पहिल्यावरही गाडी थोडी जोरात उतरते. वरंध्याच्या उतारावर मला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवला. दुसरं म्हणजे टायर चार नव्हे, पाच घ्यावे लागतात. थारची स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली. ३३ चा मड टेरेन लटकवल्यावर माझं दार वर्षभरात लोंबायला लागलं, बिजागरी बदलली. आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात मनाने बदल चालत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला आयतं निमित्त मिळेल.

जिप्सीवाले काका
कायद्यावर गेलात तर लिफ्टपासूनच सुरुवात होईल, आणि धागाकर्ते आधीच त्या रांगेत उभे आहेत.

घाटवळण
😀 हे लागलं. लिफ्टची कागदपत्रं बघतो. चिखलराव, डिफ्रन्शियलचा मुद्दा डोक्यातून जात नाही, म्हणून काल चाकोरीची वाट टेप घेऊन मोजली. मधला वरंबा माझ्या एक्सलपेक्षा बराच खाली आहे. म्हणून २६५/७५ ऑल टेरेन. व्यास ८०४, म्हणजे तुमच्या ३० पैकी १५ मिमी मिळतात. उरलेल्या १५ साठी पुढच्या पावसात तुमची गाडी मागे ठेवीन. दोरी मी आणतो. चिखलात टायरमधली हवा १८ पीएसआयवर उतरवायची का २० वर, यावर भांडण सुरू करा.

चिखलराव
१८. आणि दोरी नको, पट्टा आणा. दोरी तुटली की काच फुटते.