प्रति: ऑर्लँडोत थीम पार्कमधून ब्रेक घ्यायच्या दिवशी काय करावं?

डिस्ने स्प्रिंग्ज (ऑर्लँडोतला डिस्नेचा दुकानं-रेस्टॉरंटांचा परिसर) म्हणजे नुसती दुकानं असं वर कोणीतरी लिहिलंय ते मला अजिबात पटलं नाही, लहान मुलं बरोबर असतील तर संध्याकाळी उन्हं उतरल्यावर जाच. तिकीट नाही, गॅरेजमधलं पार्किंगही फुकट. लेगोच्या दुकानाशेजारी तळ्यात ठोकळ्यांचा भला मोठा समुद्री सर्प आहे, पोरं तिथून हलतच नाहीत. आणि बोटहाऊस रेस्टॉरंटपाशी थांबाच थोडं, १९६० च्या दशकातली अँफिकार (जमिनीवर आणि पाण्यातही चालणारी गाडी) उतारावरून सरळ पाण्यात शिरते आणि बोटीसारखी चालायला लागते, आजीआजोबासुद्धा टाळ्या वाजवतात! राईडला पैसे पडतात पण काठावरून बघायला काहीच पैसे लागत नाहीत. जेवणाचं बुकिंग मात्र आधीच करा, वीकेंडला फार गर्दी असते.