तांबी बसवताना किती दुखलं? अनुभव हवे आहेत

मैत्रिणींनो, मदत हवी आहे. माझं दुसरं बाळ आठ महिन्यांचं आहे, दोन्ही वेळा सिझेरियन झालंय. आता तिसरं नको, पण ऑपरेशनला मन तयार होत नाही. डॉक्टरांनी तांबी (गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर टी) सुचवली आहे. सरकारी दवाखान्यात ३८० ए प्रकारची तांबी मोफत बसवतात आणि ती १० वर्षं चालते, हे मला पटलंय. बाळ अंगावर पितंय, तांब्याच्या कॉपर टीचा दुधावर परिणाम होत नाही, तोही प्रश्न मिटला.

भीती आहे ती बसवतानाच्या दुखण्याची. नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या माझ्या जावेला चिमटा काढल्यासारखं वाटलं, बस्स. पण दोन्ही सिझेरियन असलेल्यांना जास्त त्रास होतो का? आधी दुखण्याची गोळी घेतली होती का? त्याच दिवशी बाळाला उचलता आलं?

दुसरं म्हणजे, पहिले काही महिने पाळीत जास्त रक्त जातं म्हणतात. माझं हिमोग्लोबिन आधीच ९.५ आहे, त्याची फार काळजी वाटते. कुणी या कारणाने हार्मोनवाली बसवून घेतली का? सासूबाई म्हणतात, तांबी वर सरकते. तांबीचा दोरा जागेवर आहे का, ते तपासायला तुम्ही कधी गेलात?

पुढच्या पाळीत जायचंय, कृपया मोकळेपणाने लिहा.