कॅमकॉर्डरवरचे नाटक डीव्हीडीवर घेताना चित्र का बिघडते?

प्रश्न (फोंडा):
आमच्या गावच्या जत्रेतले नाटक वडिलांनी २००४ साली मिनीडीव्ही कॅमकॉर्डरवर टिपले होते. साठ मिनिटांच्या दोन कॅसेटी आहेत. यूएसबी केबलने त्या संगणकावर घेऊन मी एका डीव्हीडीवर उतरवल्या. परंतु रंगमंचाच्या अंधाऱ्या भागात ठोकळे दिसतात आणि पात्रे हलली की चित्र थरथरते. कॅमकॉर्डरच्या छोट्या पडद्यावर मात्र तेच चित्र स्वच्छ दिसते. माझे कुठे चुकत असावे?

उत्तर (म्हापसा):
पहिला संशय केबलवर घ्यावा. त्या काळातल्या बऱ्याच कॅमकॉर्डरचे यूएसबी फोटो काढून घेण्यापुरते किंवा कमी दर्जाच्या चित्रापुरतेच असे. ‘डीव्ही’ किंवा ‘आयलिंक’ असे लिहिलेल्या छिद्रातून फायरवायर नावाच्या वेगळ्या केबलने कॅसेट घेतली, तर टेपवरची माहिती जशीच्या तशी उतरते. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते, तेवढी मोकळी ठेवा.

ठोकळ्यांचे कारण निराळे. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. दोन तास एकाच तबकडीत कोंबले की आवाज धरून सेकंदाला जेमतेम ५ मेगाबिट वाट्याला येतात, आणि कमी उजेडात टिपलेल्या चित्रातली रवाळ खळबळ त्यातला बराच वाटा खाऊन टाकते. प्रत्येक अंकाला, निदान प्रत्येक कॅसेटीला, स्वतंत्र तबकडी द्या आणि बिटरेट (सेकंदाला वाट्याला येणारी माहिती) ८ मेगाबिटच्या आसपास ठेवा. तबकडीचे पैसे वाचवण्याच्या नादात नाटक घालवू नये, एवढे माझे स्पष्ट मत आहे. एकाच तबकडीचा आग्रह असेल, तर दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग (आधी सगळे चित्र तपासून मग ते दाबून लहान करणे) निवडा आणि आवाज पीसीएमऐवजी (न दाबलेल्या आवाजाऐवजी) डॉल्बी डिजिटल या दाबलेल्या प्रकारात १९२ किलोबिटवर ठेवा. पीसीएम सुमारे १.५ मेगाबिट अडवते.

उत्तर (डिचोली):
थरथरण्याबद्दल सांगतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात आणि प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत, म्हणजे दोन फील्डांत, साठवलेले असते. डीव्हीमध्ये, म्हणजे तुमच्या कॅसेटीवरच्या चित्रात, खालचे फील्ड आधी येते. एन्कोडरमध्ये, म्हणजे डीव्हीडीसाठी चित्र दाबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘वरचे आधी’ असे राहिले, तर हलणारे पात्र क्षणाक्षणाला मागेपुढे होते. ती सेटिंग तेवढी बदला. डीइंटरलेस (दोन फील्डे मिळवून एक चित्र) मात्र करू नका, टीव्हीवर पाहायचे असेल तर त्याने हालचालीतला सफाईदारपणा जातो. चित्राचा आकार ७२० गुणिले ५७६ असाच राहू द्या.

प्रश्नकर्ता (फोंडा):
फील्डचा क्रम उलटाच होता. तो बदलल्यावर थरथर थांबली. फायरवायर कार्ड एका मित्राकडून मिळणार आहे. मात्र दुसऱ्या कॅसेटीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते आहे.

उत्तर (म्हापसा):
ती बुरशी असावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातल्या कॅसेटींना ती हमखास धरते. ती कॅसेट कॅमकॉर्डरमध्ये मुळीच घालू नका, टेप वाचणारे हेड खराब होऊन पहिली कॅसेटही घेता येणार नाही. आधी पहिली घ्या, आणि दुसरी टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडे द्या.